बातम्यांच्या पोर्टलचा मालक कोण, हे कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न असा: निपाणीच्या तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एका पोर्टलच्या बातम्या येतात. ते आधी वेगळ्याच माणसांचं होतं असं ऐकलंय. मग आता कोणाचं, आणि हे घरबसल्या कसं कळेल? मी बेळगावच्या टिळकवाडीत एका सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम करतो, कंपन्यांचे कागद रोज हाताखालून जातात. पोर्टलचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून शोधायची वाट सांगतो.

छापील पेपरचं आपल्याकडे सोपं होतं. १९१९ साली बाबूराव ठाकूरांनी बेळगावात 'तरुण भारत' काढला, आणि तो ठाकुरांचा हे शहापूर-वडगावातल्या पोरालाही ठाऊक. तरी नागपूरकडचा पाहुणा आला की घोळ होतोच, कारण तिकडचा 'तरुण भारत' वेगळा, नरकेसरी प्रकाशनाचा. नाव एकच म्हणून घर एकच असं नसतं. शिवाय १८६७ च्या कायद्यामुळे प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं छापावी लागत. फेब्रुवारी सरला की पुढच्या अंकात 'फॉर्म ४' यायचा, त्यात मालकाचं नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची यादी. आमचे सर ते कात्रण दरवर्षी फायलीला लावायचे. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा आला, पण तोही छापील नियतकालिकांपुरताच. पोर्टलवाल्याला वाचकासमोर असा फॉर्म ठेवावा लागत नाही, आणि माझ्या मते खरी उणीव हीच आहे.

ही उणीव किती बोचते ते मी गेल्या काही वर्षांत पाहिलंय. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची यात्रा पुढे ढकलली अशी बातमी एका पोर्टलने टाकली. साफ चुकीची. पुण्या-गोव्याला कामाला असलेल्या कितीतरी पोरांनी तिकिटं रद्द केली, माझी आत्तेबहीण माहेरपणाला आली नाही. चूक दुरुस्त करा म्हणायला फोन शोधला तर साइटवर फोन नाही, पत्ता नाही, नुसतं 'आमची टीम'. शेवटी गावातल्या हार्डवेअरवाल्या काकांनी त्या पोर्टलला जाहिरात दिली होती, तिचं बिल सापडलं. बिलावर जीएसटी नंबर होता आणि त्यानेच सगळं उघडं केलं.

जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, कर्नाटकचे २९ आणि महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, 'पी' असेल तर एकट्या माणसाचा धंदा, 'एफ' असेल तर भागीदारी, 'सी' असेल तर कंपनी. आमच्या बिलावर २७ आणि 'पी' होतं. बेळगावचं नाव लावलेलं पोर्टल महाराष्ट्रातला एकटा माणूस चालवत होता. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की नोंदलेलं नावही दिसतं. त्याला गाठलं, त्याने त्याच दिवशी बातमी काढली. माणूस वाईट नव्हता, पण पत्ताच नसेल तर चांगल्या माणसालाही कोण, कुठे जाऊन सांगणार?

कंपनी निघाली तर कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर जा. पोर्टलच्या तळाशी किंवा त्याच्या अटींच्या पानावर कंपनीचं पूर्ण नाव असतं, ते घेऊन तिथे शोधा. प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असतो, त्यातच नोंदणीचं राज्य आणि साल दडलेलं असतं. पोर्टल 'वीस वर्षांची परंपरा' म्हणत असेल आणि सीआयएनमध्ये २०१९ असेल, तर मधे कंपनी बदलली का हे विचारायला हवं. संचालकांची नावं फुकट दिसतात. शंभर रुपये भरले की वार्षिक विवरण आणि ताळेबंद उघडता येतो. शेअर कोणाकडे किती ते वार्षिक विवरणात सापडतं. पण तिथे थांबू नका. ताळेबंदाखालच्या टिपा वाचा: कर्ज कोणाचं, कोणत्या अटीवर.

हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण एनडीटीव्हीची गोष्ट कर्जाच्या कागदातच होती. १९८८ साली राधिका आणि प्रणय रॉय यांनी ती सुरू केली. त्यांची आरआरपीआर होल्डिंग नावाची एक कंपनी होती, तिच्याकडे एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर. आयसीआयसीआय बँकेचं कर्ज फेडायला या होल्डिंगने २००९-१० मध्ये विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या कंपनीकडून ४०३ कोटींहून जास्त रक्कम बिनव्याजी घेतली. बदल्यात दिली वॉरंट, म्हणजे पुढे कधीही होल्डिंगचे जवळजवळ सगळे शेअर घेण्याचा हक्क. तेव्हा त्या पैशाचा उगम रिलायन्सच्या एका कंपनीत होता. बारा वर्षं पडद्यावर तेच चेहरे, तेच नाव. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधानच विकत घेतली आणि तो जुना हक्क वापरला. त्यानंतर खुली ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांकडून शेअर घ्यायचा जाहीर प्रस्ताव आला, डिसेंबरात रॉय दांपत्याने आपल्या नावावरचे बहुतेक शेअर विकले आणि अदानींकडे ६४ टक्क्यांहून जास्त हिस्सा गेला. १ मे २०२४ ला सुरू झालेलं एनडीटीव्ही मराठी तुमच्या ग्रुपवर येत असेल तर ते या नव्या घरचं.

नेटवर्क१८ ची वाटही अशीच. २०१२ मध्ये रिलायन्सशी जोडलेल्या ट्रस्टने नेटवर्क१८ चे संस्थापक राघव बहल यांच्या कंपन्यांत पैसा घातला, तोही शेअरमध्ये बदलता येईल अशा रोख्यांतून. २०१४ मध्ये ताबा रिलायन्सकडे गेला. 'स्टार माझा'चं २०१२ मध्ये 'एबीपी माझा' झालं ते मात्र उघड होतं, 'स्टार' हा भागीदार बाहेर पडला तसं नावही बदललं. म्हणून नाव बदललं तर लोक विचारतात, नाव तेच राहून मालक बदलला तर कोणी विचारत नाही.

आपल्या भागात हे जास्त लागतं. १ नोव्हेंबरला एका पोर्टलवर कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, दुसऱ्यावर सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि सुनावणीच्या तारखेची एक खोटी ओळ सुटली की खडेबाजारात संध्याकाळपर्यंत तीच चर्चा. मथळा लिहिणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो, पण पगार देणारा कोण, त्याचा दुसरा धंदा कोणता, हे ठाऊक असलं तर मथळा कसा घ्यायचा ते आपल्याला ठरवता येतं.

तुमच्या ओळखीच्या कोणी त्या पोर्टलला जाहिरात दिली असेल तर बिल मागून घ्या आणि जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे व सहावं अक्षर इथे लिहा. 'सी' निघालं तर पोर्टलच्या तळाशी असलेलं कंपनीचं नावही द्या, वार्षिक विवरण कसं वाचायचं ते मी ओळीओळीने सांगेन.