पीएसए उतरला, मग शस्त्रक्रिया कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६६) प्रोस्टेटचा कर्करोग आहे. ग्लिसन (पेशी किती आक्रमक दिसतात याचा गुणांक) ४+४, पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) २८. स्कॅनमध्ये कर्करोग इतरत्र पसरलेला आढळला नाही. शस्त्रक्रियेला अवकाश असल्याने तीन महिन्यांचे हार्मोनचे इंजेक्शन दिले गेले. आता पीएसए ०.९ आला आहे. ‘आणखी एक इंजेक्शन घेऊ, ऑपरेशन नको,’ असे वडील म्हणतात. काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : वडिलांना वाटणारा दिलासा स्वाभाविक आहे, पण या आकड्यावर विसंबून शस्त्रक्रिया रद्द करू नये. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर (टेस्टोस्टेरॉन या हार्मोनवर) पोसला जातो, हे शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. इंजेक्शनाने टेस्टोस्टेरॉन घसरले की गाठ आक्रसते आणि पेशी पीएसए तयार करणेही कमी करतात. म्हणजे औषध लागू पडले एवढेच यावरून ठरते, रोग गेला असे नव्हे.

शस्त्रक्रियेपूर्वी असे उपचार देण्याच्या अनेक चाचण्या झाल्या आहेत. काढलेल्या ग्रंथीच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडण्याचे प्रमाण त्यांत खरोखरच घटले, मात्र रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. म्हणून नेहमीच्या शस्त्रक्रियेआधी ही इंजेक्शने देऊ नयेत, असेच युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रेडिएशनची गोष्ट निराळी. आसपास वाढलेल्या कर्करोगात रेडिएशनला तीन वर्षांच्या हार्मोन उपचारांची जोड दिल्यावर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून सुमारे ७८ टक्क्यांवर गेले, असे एका युरोपीय चाचणीत आढळले. वडिलांना शस्त्रक्रिया नकोच असेल, तर नुसती इंजेक्शने घेत राहण्यापेक्षा हा मार्ग रेडिएशनतज्ज्ञांशी बोलून पारखावा.

दिलेल्या इंजेक्शनाने नुकसान झाले, असे समजू नका. मात्र दुसरे घेण्याआधी ‘हे कशासाठी?’ असे डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण अंगातून वाफा येणे, थकवा, लैंगिक इच्छा मावळणे, आणि उपचार लांबले तर हाडे ठिसूळ होणे व साखर वाढणे, ही किंमत मोजावी लागते. शस्त्रक्रिया झाल्यास ग्रंथी तपासणीला पाठवताना सोबतच्या कागदावर इंजेक्शनाचे नाव आणि तारीख लिहिली आहे ना, हेही पाहा. या औषधाने पेशींचे रूप इतके बदलते की मूळ ग्लिसन ओळखणे अवघड होते. तेव्हा बायोप्सीचा जुना अहवाल जपून ठेवा.