वाचकांचे प्रश्न : बाथरूममधल्या कोनाड्याच्या कडा

प्रश्न : ताई, पुण्यात सहकारनगरमध्ये आमचा जुना, विटांच्या बांधकामाचा फ्लॅट आहे. बाथरूम नव्याने करायला काढलं आहे. शॉवरशेजारच्या नऊ इंची भिंतीत शाम्पू-साबण ठेवायला कोनाडा करायचा आहे. टाइल्स आणून झाल्या, ३०० बाय ६०० मिमीच्या, पांढऱ्या, मार्बलसारख्या रेघांच्या. आता कोनाड्याच्या कडांवरून तिघांची तोंडं तीन दिशांना आहेत. डिझायनर म्हणतात, ४५ अंशांत घासून टाइलला टाइल भिडवू. दुकानदार म्हणतो, स्टीलची पट्टी न्या. मिस्त्री म्हणतो, ग्रॅनाइटची चौकट करतो, पुन्हा बघायला नको. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : मिस्त्रीला एक टाइल कापायला सांगा आणि कापलेली कड खिडकीपाशी नेऊन बघा. या मापाच्या, भिंतीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टाइल्स सिरॅमिकच्या असतात. चकाकी आणि रेघा वरच्या पातळ थरात, त्याखाली सगळी भाजलेली माती, कधी विटकरी तर कधी मळकट पांढरी. दुकानात ‘रेड बॉडी’, ‘व्हाइट बॉडी’ म्हणतात ते हेच. कंपनीच्या माहितीपत्रकात पाणी शोषण्याचं प्रमाण दिलेलं असतं. ते १० टक्क्यांच्या वर असेल तर ती सिरॅमिक वॉल टाइल, ०.५ टक्क्याच्या आत असेल तर व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली. तुमच्या तीन पर्यायांतला कुठला घ्यायचा, हे बरंचसं यावरच ठरतं.

कड विटकरी निघाली तर ४५ चा विचार सोडा, असं मी स्पष्टच सांगेन. माती मऊ आणि वरची चकाकी ठिसूळ, त्यामुळे घासताना टवके उडतात. जिथे टवका उडाला तिथे पांढऱ्या टाइलमधून लाल ठिपका डोकावतो आणि तो मग रोज दिसतो. व्हिट्रिफाइड असेल तर ४५ सुंदर होतं, पण करणारा हात तसा हवा. आमच्याकडचा कारागीर हे कसं करतो ते सांगते, म्हणजे तुमच्या मिस्त्रीकडे काय बघायचं ते कळेल. तो टाइल ओल्या पोत्यावर पालथी घालतो. कडेच्या जाडीवर चकाकीपासून एक मिलिमीटर सोडून पेन्सिलची रेघ मारतो आणि मागच्या बाजूने ग्राइंडर चालवत त्या रेघेपाशी थांबतो. चकाकीपर्यंत जात नाही. तो एक मिलिमीटर म्हणजे टाइलचं नाक. ते ठेवलं नाही तर कड सुरीसारखी होते, बादलीचा कान लागला तरी फुटते. कोनही नेमका ४५ न ठेवता किंचित जास्त मारतो, म्हणजे दोन टाइल्सच्या पाठी एकमेकींना अडत नाहीत आणि पुढची फट बारीक राहते. ती फट एपॉक्सी ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या राळेच्या लगद्याने भरायची, व्हाइट सिमेंटने अजिबात नाही. शेवटी डायमंडच्या हातपॅडने कडेवरून हलका हात फिरवायचा.

हे सगळं तुमचा मिस्त्री करतो का, हे तोंडी विचारू नका. खराब तुकड्यांचा एक कोपरा आधी करून मागा. दोन तुकडे जोडून, भरून, दुसऱ्या दिवशी त्यावरून बोट फिरवून बघा. चांगल्या कारागिराला असा नमुना मागितल्याचा राग येत नाही, उलट काम समजणारं गिऱ्हाईक भेटल्याचा आनंद होतो.

तुमच्या वर्णनावरून टाइल सिरॅमिक असावी, म्हणून माझं मत मिस्त्रीच्या बाजूने पडतं. (पट्टीबद्दल शेवटच्या उत्तरात सांगितलं आहे.) फक्त त्याच्या डोक्यात जी चौकट असणार ती नको. दोन-तीन इंच रुंदीची काळी पट्टी टाइलवर चारी बाजूंनी चिकटवली की कोनाडा फोटोफ्रेमसारखा दिसतो आणि पट्टीच्या वरच्या काठावर साबणाचं पाणी साचून राहतं. त्याऐवजी १६ ते १८ मिमी जाडीच्या ग्रॅनाइटचे चार तुकडे कोनाड्याच्या आतून बसवा: तळ, छत आणि दोन बाजू. भिंतीच्या टाइल्सच्या पातळीपेक्षा ते तीन-चार मिलिमीटर पुढे यायला हवेत. मग टाइल्स येऊन ग्रॅनाइटला भिडतात, त्यांची कापलेली कड फटीत जाते आणि समोरून ग्रॅनाइटची बारीक रेघ तेवढी दिसते. दर्शनी कड पॉलिश करून घ्या, तिचे दोन्ही काठ थोडे घासून बोथट करून घ्या. कोनाड्याच्या पाठीला आख्खी टाइल लावा. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या मार्बलवाल्यांकडे ओट्याच्या कामातून उरलेले तुकडे पडलेले असतात, एवढ्याशा कामाला पूर्ण स्लॅब घ्यायची गरज नाही. रंग करडा किंवा पांढुरका घ्या. कडप्पा आणि मार्बल मात्र टाळा. दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, बाथरूम धुण्याच्या अ‍ॅसिडने त्यांचं पॉलिश मरतं.

तळाचा तुकडा आधी, त्यावर बाजूचे दोन उभे, छताचा शेवटी. तळ अखंड हवा, मध्ये सांधा नको, आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा. चार इंच खोलीला दोन ते तीन मिलिमीटर पुरतात. एवढ्या उताराने बाटल्या घसरत नाहीत, पण पाणी थांबत नाही. तुकडा बसवल्यावर मसाला ओला असतानाच मागच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी ओता. ते आपणहून बाहेर यायला हवं. नाही आलं तर तेव्हाच उचलून बसवता येतं, दुसऱ्या दिवशी नाही.

आता पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण ज्यावर सगळी सफाई अवलंबून आहे ते सांगते. कोनाडा कुठे फोडायचा हे टाइल्सच्या सांध्यांवरून ठरवा. बहुतेक ठिकाणी आधी भिंत फोडतात, मग टाइल्स खालून लावत वर येतात आणि कोनाड्यापाशी पोचल्यावर जे जमेल ते कापतात. मग एका बाजूला दोन इंचाची चिंधी येते, दुसरीकडे टाइल एलच्या आकारात कापावी लागते. अशी टाइल बहुधा आतल्या कोपऱ्यातूनच तडकते, लगेच नाही तर पुढे कधीतरी. (एल कापणं टळतच नसेल तर त्या कोपऱ्यात आधी ड्रिलने गोल भोक पाडून त्या भोकापर्यंत कापायला सांगा. तडा तिथून सुरू होत नाही.) म्हणून गिलाव्यावर सूत मारून टाइल्सचे सगळे आडवे-उभे सांधे आखून घ्या. आडव्या लावलेल्या टाइलची एक ओळ ३०० मिमी उंच. कोनाडा बरोबर एका ओळीचा, एका टाइलच्या रुंदीचा ठेवला की चारी कडा सांध्यावर येतात आणि एकही टाइल कोपऱ्यात कापावी लागत नाही. ग्रॅनाइटची जाडी या मापात धरा, नाहीतर आतली मोकळी जागा कमी पडून शाम्पूची मोठी बाटली उभी राहायची नाही. ती बाटली साइटवर नेऊन उभी करून बघा.

भिंत नऊ इंची आहे म्हणून चार इंच खोल जाता येतं. त्या जागी कॉलम किंवा पाइप नाही, याची खात्री करा. शक्यतो बाहेरची भिंत टाळा. पश्चिमेच्या भिंतीला आपल्याकडे पावसाचा मारा असतो, तिथे मागे अर्धीच वीट ठेवणं मला पटत नाही. आणि वॉटरप्रूफिंग कोनाड्याच्या आतही पूर्ण करा: आतून गिलावा, कोपऱ्यांत जाळीची पट्टी, वर दोन हात कोटिंग, पहिला वाळल्यावर दुसरा. पलीकडच्या खोलीत कपाटामागे ओल येते तेव्हा पुष्कळदा कोनाड्याचे खालचे दोन कोपरेच कच्चे राहिलेले असतात.

नव्या इमारतींतल्या वाचकांसाठी एक सूचना. तुमची इमारत मायवन पद्धतीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींची असेल, तर त्या भिंतीवर छिन्नी लावू नका. ती भिंतच इमारत पेलते आहे. तिथे भिंतीपुढे चार इंची ब्लॉकचा अर्धा उंच कट्टा बांधून वर दगडाची फळी करा. काम तेवढंच भागतं.

प्रश्न : वाघोलीत आम्ही तयार फ्लॅट घेतला. बाथरूममधला कोनाडा ४५ च्या कडांचा आहे, पण कडा ठिकठिकाणी उडाल्या आहेत. मुलीच्या बोटाला दोनदा कापलं. सांधे काळे पडले आहेत आणि सगळीकडे पांढरे डाग आहेत. फोडाफोड न करता काही होईल का?
– एक वाचक, वाघोली

उत्तर : होईल. मुलीचा हात रोज तिथे जातो, तेव्हा कडांची धार आजच बोथट करा. हार्डवेअरच्या दुकानात डायमंडचे हातपॅड मिळतात. २०० नंबरचा घ्या, कड ओली करा आणि कडेच्या दिशेने, लांबीतून घासा. आडवं घासलं तर आणखी टवके निघतात. नंतर ४०० नंबरने तसंच. बोट सहज फिरलं की थांबा, जास्त घासलं तर खालची माती उघडी पडेल.

मग सांध्यातलं जुनं सिमेंट ग्राउट बारीक पात्याने खरवडून काढा, जागा पूर्ण कोरडी होऊ द्या आणि टाइलच्या रंगाचं एपॉक्सी भरा. उडालेले टवके त्याच एपॉक्सीने भरून वर चिकटपट्टी ताणून लावली की भराव कडेच्या रेषेत बसतो. चिकटपट्टी दुसऱ्या दिवशी काढा. आतले कोपरे, म्हणजे जिथे तळ आणि पाठ भेटतात ते, एपॉक्सीने न भरता सिलिकॉनने भरा, कारण दोन भिन्न पृष्ठभाग तिथे थोडे हलतात.

पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे. खडकवासल्याचं नळाचं पाणी सौम्य, पण तुमच्या भागात बोअर आणि टँकरच्या पाण्यावर बरंच चालतं आणि ते पाणी जड. ते डाग घालवायला घराघरांत अ‍ॅसिड ओततात. अ‍ॅसिड डागाबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं, मग त्या खड्ड्यांत ओल राहते आणि बुरशी धरते. तुमचे सांधे काळे झाले ते बहुधा असेच. पातळ केलेलं व्हिनेगर पाच मिनिटं लावून धुवा आणि रोज शेवटच्या आंघोळीनंतर कोनाड्यातून कोरडं फडकं फिरवा.

वरून चिकटवायची प्लास्टिकची एल पट्टी कुणी सुचवेल. शॉवरच्या माऱ्यात ती लावू नका. तिच्यामागे पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते.

प्रश्न : आमच्या कोनाड्याला पट्टीच लावायचं ठरलं आहे. अ‍ॅल्युमिनियम, स्टील की पीव्हीसी? आणि बसवताना काय बघावं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : पाणी जड असेल आणि घरात अ‍ॅसिड वापरलं जात असेल तर अ‍ॅल्युमिनियमवर चट्टे पडणार. ३०४ दर्जाचं स्टील जास्त टिकतं, तरी अ‍ॅसिड त्यालाही चालत नाही. पीव्हीसीला अ‍ॅसिडचं काही वाटत नाही, पण पांढरी पीव्हीसी कालांतराने पिवळी पडते. माझी पसंती स्टीलला, ब्रश फिनिशमध्ये, कारण चकचकीत पट्टीवर पाण्याचा प्रत्येक थेंब दिसतो.

पट्टी टाइलच्या जाडीवरून घ्या. टाइलचा तुकडा दुकानात न्या आणि पट्टीत घालून बघा. टाइल ९ मिमी असेल तर १० ची पट्टी बरोबर, कारण खाली अ‍ॅडेसिव्हचा थर येतो. पट्टी टाइलच्या वर उठता कामा नये. पट्टीचा भोकं असलेला चपटा पाय भिंतीवरच्या अ‍ॅडेसिव्हमध्ये दाबायचा, त्यावर दर्शनी टाइल बसवायची आणि टाइल व पट्टीमध्ये दीड-दोन मिलिमीटरची फट ग्राउटला ठेवायची. आतली टाइल पट्टीच्या मागे येते.

पट्टीचं सगळं रूप चार कोपऱ्यांत आहे. बारीक दातांच्या पात्याने कापून, कानशीने घासून, भिंतीला लावण्याआधी चारही तुकडे जमिनीवर जुळवून बघायला सांगा, आणि कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावून बघा. दोन फूट बाय एक फुटाचा घेर सहा फूट होतो. आठ फुटी पट्टी घेतली तर एका लांबीत चारी बाजू निघतात आणि एखादा कोपरा चुकला तर जरा माल हाताशी राहतो.

खालच्या बाजूला जपा. तिथली पट्टी तळाच्या टाइलपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी वर राहिली तरी तिचा बांध होतो आणि आतला उतार फुकट जातो. मी तळाला दगडाचा अखंड तुकडा घालते आणि पट्टी फक्त तीन बाजूंना लावते. पट्टीवरचं संरक्षक प्लास्टिक ग्राउट पुसून झाल्यावरच काढा.