थंडीत जड फिरणारा सेल्फ

जुन्या मोटारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची, १९७८ सालची पेट्रोलवर चालणारी ॲम्बॅसेडर आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचे पत्र्याचे काम करून घेतले आणि जुना रंग खरवडून आतून-बाहेरून नवा रंग दिला. पावसाळा संपेपर्यंत गाडीची काहीच तक्रार नव्हती. डिसेंबर लागल्यापासून मात्र पहाटे सेल्फ (इंजिन सुरू करणारी विजेची मोटर) मारला, की इंजिन कण्हत दोन-तीन फेरे घेते आणि थांबते. हँडल मारले तर गाडी लगेच सुरू होते. दुपारी सेल्फवरही सुरू होते. बॅटरी नवी घेतली. ती सदोष असेल म्हणून दुकानदाराने दुसरी बदलून दिली, तरी फरक पडला नाही. आता सेल्फ रिवाइंड करून (आतली तार नव्याने गुंडाळून) घ्या, असा सल्ला मिळाला आहे. चार-पाच वेळा सेल्फ मारला की चोकची (थंड इंजिन सुरू करताना ओढायची) मूठ कोमट लागते, याचा या दोषाशी काही संबंध असेल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : संबंध नुसता आहे असे नाही, तर आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. सेल्फ रिवाइंडला देऊ नका आणि तिसरी बॅटरीही घेऊ नका. आधी इंजिनाची अर्थची (अर्थिंगची) पट्टी पाहा.

बॅटरीतून निघालेला प्रवाह सेल्फपर्यंत जाड केबलने जातो. पण परत येताना तो इंजिनाच्या ब्लॉकमधून गाडीच्या सांगाड्यावर आणि तेथून बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलवर येतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ब्लॉक आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी लावावी लागते. रंगकाम करताना ही पट्टी सोडली जाते आणि पुष्कळदा ताज्या रंगावरच पुन्हा आवळली जाते. रंगातून वीज वाहत नाही, त्यामुळे बोल्टच्या आट्यांतून मिळेल तेवढीच वाट उरते. मग प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनाला सांगाड्याशी जोडणारी धातूची जी वस्तू हाताशी असते, ती म्हणजे चोकची पोलादी केबल. एवढा प्रवाह वाहून नेण्यासाठी ती केलेलीच नसल्यामुळे ती तापते. आज मूठ कोमट लागते आहे. असेच चालू राहिले तर केबल लाल होऊन शेजारच्या वायरिंगचे आवरण जाळू शकते. म्हणून ही तपासणी होईपर्यंत सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोष उन्हाळ्यात झाला असेल, तर तो डिसेंबरातच का दिसावा, हा प्रश्न आपल्या मनात येईल. सेल्फ इंजिन फिरवतो तेव्हा शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह सहज वाहतो. जोडणीत ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा असला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. उन्हाळ्यात तेल पातळ असते आणि बॅटरी जोमात असते, त्यामुळे ही तूट झाकली जाते. आपल्याकडे मात्र जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद उन्हाळ्यातल्या ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश उरते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. दोन्हीकडून ओढ लागली, की दीड व्होल्टची तूट उघडी पडते. दुपारी ऊन तापल्यावर गाडी सुरू होते, तीही यामुळेच. हँडल मारल्यावर ती लगेच सुरू होते याचा अर्थ इंजिन आतून जाम नाही. शिवाय हँडल मारताना सेल्फ प्रवाह खेचत नसल्यामुळे ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळते आणि ठिणगी जोमदार पडते.

याची खात्री मीटरशिवायही होते. जाड जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या अर्थकडील टर्मिनलला आणि दुसरे टोक इंजिनाच्या ब्लॉकवर रंग नसलेल्या जागी घट्ट लावावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, थंड पहाटेच सेल्फ मारावा. इंजिन झपाट्याने फिरले, तर निदान झाले असे समजावे.

मीटर असेल तर दोष नेमक्या जागेपर्यंत जाऊन पकडता येतो. गाडी मध्येच सुरू होऊ नये म्हणून कॉइलची मधली जाड वायर काढून ब्लॉकला टेकवावी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थकडील शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे सेल्फच्या अंगावर धरावे, आणि दुसऱ्या कोणाला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगावे. पाव व्होल्टपर्यंत आकडा ठीक मानावा. एक व्होल्ट किंवा अधिक दिसला, तर खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते सांगाडा, सांगाडा ते ब्लॉक असे एकेक टप्पे मोजत जावे. ज्या टप्प्यावर आकडा उडी घेतो, तेथे दोष असतो. हीच मोजणी दुसऱ्या बाजूने, बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत करावी. तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तूट नसावी. सोलेनॉइडचे (सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या विजेच्या स्विचचे) जळालेले संपर्क याच मोजणीत उघडे पडतात. बंद गाडीत ओहम मोजून हा दोष सापडत नाही, कारण साध्या मीटरला एवढा बारीक अडथळा दिसतच नाही. जोडणीवर भार असतानाच मोजायला हवे.

दुरुस्तीला खर्च जवळजवळ नाही. अंगठी-घड्याळ काढून ठेवून बॅटरीची अर्थची केबल सर्वांत आधी सोडावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी लावावी. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने काढावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. पट्टीच्या तारा तुटल्या किंवा हिरव्या पडल्या असतील, तर नवी जाड पट्टीच घ्यावी. ती काही वेळा जोडायचीच राहून गेलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

जोडण्या निर्दोष निघाल्या, तरच पुढे जावे. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंट्यांवरच व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेले, तर बॅटरी कमकुवत किंवा अर्धवट चार्ज झालेली आहे, किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त प्रवाह खेचतो आहे. इंजिनात एकाच ग्रेडचे ४० नंबरचे तेल असेल, तर ते बदलून २०डब्ल्यू-५० घालावे. ग्वाल्हेरच्या थंडीला ते पुरेसे आहे. सेल्फ मारताना क्लच दाबून ठेवण्याची जुन्या चालकांची सवयही रास्त आहे, कारण त्यामुळे गिअरबॉक्समधले घट्ट तेल घुसळण्याचे काम सेल्फवर पडत नाही. एवढे सगळे करूनही इंजिन जड फिरले, तर सेल्फ उतरवावा. तेव्हाही पहिल्यांदा बुश (दांड्याला आधार देणारी धातूची नळी) झिजून आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) आतल्या स्थिर चुंबकी पोलना घासते आहे का आणि कार्बन (आर्मेचरला प्रवाह पोचवणारे ब्रश) आखूड झाले आहेत का, हे पाहावे. माझ्या अनुभवात रिवाइंडिंगची खरी गरज फार थोड्या सेल्फना असते.

प्रश्न : माझी जुनी गाडी फक्त रविवारी बाहेर निघते. मध्ये एकदा घरासमोर दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतो, तरी थंडीत दर रविवारी सेल्फ जड जातो. गाडीत बॅटरी चार्ज करायला डायनॅमो आहे.
— एक वाचक, शिंदे की छावणी, ग्वाल्हेर

उत्तर : ती दहा मिनिटेच घातक ठरत आहेत. संथ चालणाऱ्या इंजिनावर डायनॅमो जवळजवळ चार्ज देत नाही, त्यामुळे सेल्फने घेतलेली वीज बॅटरीत परत जात नाही. त्यात रविवारी धुक्यात दिवे लावून थोडेच अंतर गेलात, तर हिशेब आणखी तोट्यात जातो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचे व्होल्टेज मोजा : १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ म्हणजे जेमतेम पाव. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जाते आणि ती कायमची निकामी होते. तेव्हा उभ्या गाडीचे इंजिन चालवणे बंद करावे, डायनॅमोच्या पट्ट्याचा ताण पाहावा, आणि शनिवारी रात्री बॅटरी छोट्या चार्जरवर लावावी. चार्जर लावण्यापूर्वी आपल्या गाडीत बॅटरीची कोणती बाजू अर्थ आहे, ते मात्र नीट पाहून घ्यावे. मॉरिस ऑक्सफर्डसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत अधिक (पॉझिटिव्ह) बाजू अर्थ असते, आणि केबलच्या रंगावर विसंबणाऱ्याची तेथे हमखास चूक होते.