कॅप बसवायची तर पाकोळ्या यायच्या आत

नमस्कार. तुमची पोस्ट वाचताना आमच्याच जुन्या घराचं वर्णन वाचतेय असं वाटलं. न्यू जर्सीतलं विटांच्या चिमणीचं घर, पाऊस पडला की फायरप्लेसमधून ओल्या काजळीचा वास, थंडीत सोफ्यापर्यंत येणारा गार वारा, आणि वर कॅपच, म्हणजे चिमणीच्या तोंडावरची जाळीची टोपीच, नाही. त्यात तुमची एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, म्हणते की छपरावर काहीही लावायचं तर आधी अर्ज करा. म्हणून तुम्ही विचारलंय की सध्या आतला डॅम्पर, म्हणजे धुराची वाट बंद करणारी झडप, बदलावा आणि कॅपचं उन्हाळ्यात बघावं, चालेल का. माझ्या मते अजिबात नाही.

मी या धंद्यातली नाही, हे आधीच सांगते. स्वतःच्या घरात भोगलेलं आणि नंतर ओळखीच्यांच्या घरी बघितलेलं, तेवढ्यावर लिहितेय. तुमच्या टाउनशिपचे नियम वेगळे असू शकतात. चिमणी साफ करून घेणं, कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म वगैरे तुम्ही केलं असणार, त्यात शिरत नाही.

तुमचं खरं घड्याळ एचओएच्या हातात नाही, पाकोळ्यांच्या हातात आहे. इथले 'चिमनी स्विफ्ट' पक्षी म्हणजे आपल्याकडच्या पाकोळीच्या भाऊबंद. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतात आणि एप्रिलच्या शेवटाकडे इकडे यायला लागतात. त्यांना फांदीवर बसता येत नाही, उभ्या भिंतीला नखं रुतवूनच लटकतात. पूर्वी पोकळ झाडांत राहायच्या, आता उघडी धुराडी शोधतात आणि काटक्या लाळेनं भिंतीला चिकटवून घरटं करतात. एकदा अंडी पडली की १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या फेडरल कायद्यानुसार ते घरटं परवान्याशिवाय हलवता येत नाही. पिल्लं उडेपर्यंत ना कॅप, ना सफाई, ना चिमणीच्या तोंडावर बसणारा डॅम्पर. आणि हे मला मान्यच आहे, पक्ष्यांवर माझा काडीचा राग नाही.

राग आहे तो आमच्या एचओएच्या ऑफिसवर. नाव घेत नाही. आमचा अर्ज भर हिवाळ्यात गेला होता. आधी त्यांनी कॅपच्या रंगाचा नमुना मागितला. स्टेनलेस स्टीलच्या रंगाचा नमुना काय देणार? कंपनीच्या पत्रकाची प्रत दिली. मग दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या. मग कळलं की समिती महिन्यातून एकदाच बसते आणि सह्या नव्हत्या म्हणून आमचा कागद 'अपूर्ण' ठरून पुढे ढकललाय. फोन केला की एकच उत्तर, 'अंडर रिव्ह्यू'. अहो, ठाण्याच्या सोसायटीत निदान सेक्रेटरीला जिन्यात तरी गाठता यायचं! मंजुरीचं पत्र मिळालं तेव्हा मे अर्धा संपला होता. चिमणीवाला आला, टॉर्च मारून वर बघितलं आणि सामान परत गाडीत ठेवलं. घरटं लागलेलं. आणि पत्रात अट होती की काम नव्वद दिवसांत पूर्ण करा, नाहीतर मंजुरी रद्द. मी कायद्याचं कारण लेखी कळवलं, मुदत वाढवून मागितली. उत्तर आलं ते मुदत संपल्यावर: नवीन अर्ज करा, नवीन फी भरा.

त्या उन्हाळ्यातल्या वादळी पावसाचं सगळं पाणी सरळ आत आलं. डॅम्परच्या मागे जो सपाट ओटा असतो, स्मोक शेल्फ, तिथे काजळीचा चिखल साचला, ओतीव लोखंडाचा डॅम्पर गंजून अर्धवट उघडा अडकला आणि वरच्या बेडरूमच्या छताला डाग आला. कॅपच्या कितीतरी पट खर्च दुरुस्तीत गेला. त्याची भरपाई ऑफिस देत नाही, हेही लेखी कळलं.

तुम्ही फेब्रुवारीत विचारताय, अजून वेळ आहे. अर्जात 'बाह्य बदल' असं लिहू नका, 'पाणी शिरत असल्यानं दुरुस्ती आणि सुरक्षा' असं लिहा. घर घेताना लेव्हल दोनची तपासणी, म्हणजे फ्लूमध्ये (धूर वर नेणाऱ्या नळीत) कॅमेरा सोडून केलेली, झाली असेल तर तो रिपोर्ट जोडा. झाली नसेल तर आता करून घ्या, घर हातबदल होताना ती करावी असं एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचं २११ क्रमांकाचं मानक सांगतंच. सोबत रस्त्यावरून काढलेला चिमणीचा फोटो, कॅपचं पत्रक, आणि काम कोणत्या तारखेच्या आत व्हायला हवं ते पाकोळ्यांच्या कारणासकट. मग 'अर्ज पूर्ण आहे' एवढं वाक्य ईमेलवर मागून घ्या. हे वाक्य आमच्याकडे असतं तर बरंच वाचलं असतं. काही एचओएंच्या नियमावलीत ठराविक दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी धरली जाते असं कलम असतं, तुमची नियमावली एकदा चाळा. मी वकील नाही, तेव्हा निव्वळ माझ्या भरवशावर छपरावर चढू नका. रंगावरून वाद घालू नका, काळ्या रंगाची मिळते, ती घ्या आणि सुटा. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) मात्र स्वस्त म्हणून घेऊ नका, गंजते आणि गंजाचे ओघळ विटांवर उतरतात.

आता कॅप की डॅम्पर. लाकूड जाळायची साधी विटांची फायरप्लेस असेल तर माझं मत ठाम आहे: दोन्ही एकत्र असलेला, फ्लूच्या तोंडावर बसणारा डॅम्पर घ्या. आतल्या जुन्या डॅम्परचं लोखंड लोखंडावर टेकतं, उष्णतेनं ते वाकतं, फट राहतेच आणि पैसे देऊन गरम केलेली हवा वर जाते. वरच्याला रबरासारखी गॅस्केट असते, तो घट्ट बसतो, आणि स्टीलची केबल फ्लूमधून खाली फायरबॉक्सच्या (आग पेटवायच्या खणाच्या) भिंतीवरच्या हुकापर्यंत येते. बहुतेक स्प्रिंगवाल्या डॅम्परमध्ये केबल तुटली तर झाकण उघडं राहतं, बंद नाही. घेताना हे विचारून घ्या. जुना डॅम्पर काढून टाका किंवा कायमचा उघडा बांधा, नाहीतर एक उघडून दुसरा विसरलात की धूर घरात.

पण तीन ठिकाणी हा सल्ला लागू नाही. एक, तुमच्या चिमणीत दोन फ्लू असतील आणि दुसरा तळघरातल्या फर्नेसचा किंवा वॉटर हीटरचा असेल, तर त्याच्यावर फक्त कॅप, डॅम्पर कधीही नाही. कुठला फ्लू कुठला हे चिमणीवाल्याला खालून खात्री करायला लावा, वरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन, गॅस लॉग (गॅसवर जळणारे नकली ओंडके) असतील तर डॅम्पर पूर्ण बंद होता कामा नये, त्यासाठी क्लॅम्प लावतात. तीन, वर विटांऐवजी लाकडी चौकट आणि आत पत्र्याचा गोल पाइप असेल, म्हणजे कारखान्यात बनलेली फायरप्लेस, तर त्याच कंपनीनं त्याच मॉडेलसाठी सांगितलेलीच कॅप. त्या पाइपाच्या थरांमधून हवा खेळत असते, दुसरीच टोपी लावून ती वाट बुजली तर आग लागू शकते.

माप फ्लूच्या टाइलचं घ्या, बाहेरून बाहेर. साडेआठ बाय तेरा आणि तेरा बाय तेरा इंच ही नेहमीची मापं, पण जुन्या घरांचा भरवसा नाही. जाळी बारीक घेतली की सुरक्षित, असं दुकानदार सांगेल. ऐकू नका. बांधकामाचा कोड ठिणग्या अडवणाऱ्या जाळीसाठी अर्ध्या इंचाची गोटी आरपार जाऊ नये आणि तीन अष्टमांश इंचाची अडू नये असं म्हणतो. त्याहून बारीक जाळी क्रिओसोटनं (लाकडाच्या धुराच्या चिकट डांबरी थरानं) बुजते.

आणखी एक, जे इथले चिमणीवाले सहसा विचारत नाहीत. तुमचं किचनचं एक्झॉस्ट किती सीएफएमचं (मिनिटाला किती घनफूट हवा ओढणारं) आहे? आपल्या फोडण्यांसाठी आपण दणकट पंखे लावतो. चारशेच्या वर गेलं की बऱ्याच ठिकाणी कोड बाहेरून हवा आत यायची सोय मागतो, आणि ती नसेल तर पंखा ती हवा चिमणीतून ओढतो. आमच्याकडे नवी कॅप, नवा डॅम्पर, तरी दिवाळीत धूर उलटा आला तो यामुळे. आग पेटलेली असताना पंखा बंद ठेवा, फायरप्लेसच्या बाजूची एखादी खिडकी इंचभर उघडा. चिमणीवाल्याचं कोटेशन आलं की फ्लूच्या फोटोसकट इथे टाका, मापं बघून सांगते.