वाचकांचे प्रश्न : थंड बल्ब, पेटलेला बल्ब आणि ओहमचा नियम

प्रश्न : नातवाला दहावीच्या विज्ञानातील ओहमचा नियम (दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो) समजावून सांगताना घरातलीच उपकरणे मोजावीत असे मी ठरविले. १०० वॅटचा पिवळा बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटर लावला, तेव्हा त्याचा रोध ३९ ओहम आला. २३० व्होल्टला ३९ ने भागले तर प्रवाह ५.९ अँपिअर आणि शक्ती सुमारे १३५६ वॅट येते, जे शक्यच नाही. दुसरे असे की, आमचा १००० वॅटचा हीटर संध्याकाळी चालू असताना वायरमनने मोजून दाब २०५ व्होल्ट आणि प्रवाह ३.९ अँपिअर दाखविला. म्हणजे शक्ती जेमतेम ८०० वॅट. मीटर बिघडले आहे की दुकानदाराने फसविले? शिवाय या हीटरची पिन इतकी तापते की हात लावता येत नाही, ते का?
– एक निवृत्त शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपले मीटर ठीक आहे आणि आपण कळविलेल्या आकड्यांत दुकानदाराचाही काही दोष दिसत नाही. बल्बच्या बाबतीत गणित बरोबर असले, तरी त्यात दोन निरनिराळ्या अवस्थांमधले आकडे एकत्र आले आहेत. ३९ ओहम हा थंड तंतूचा रोध आहे, आणि २३० व्होल्टच्या दाबाखाली मात्र तो तंतू थंड राहतच नाही. पेटलेल्या बल्बमधील टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. बल्बवर छापलेल्या आकड्यांवरून उलट गणित करून पाहा : १०० वॅटला २३० ने भागल्यास प्रवाह ०.४३ अँपिअर येतो, आणि २३० चा वर्ग १०० ने भागल्यास रोध ५२९ ओहम येतो. म्हणजे आपण मोजलेल्या रोधाच्या साडेतेरा पट! पाठ्यपुस्तकात ओहमच्या नियमाला ‘तापमान स्थिर असताना’ अशी अट जोडलेली असते; मुले ती पाठ करतात आणि विसरतात, पण या बल्बमध्ये ती डोळ्यांना दिसते.

नातवाला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. आपण काढलेला ५.९ अँपिअरचा आकडा टाकाऊ नाही. बटण दाबल्या क्षणी तंतू थंडच असतो, त्यामुळे सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता त्यातून खरोखरच तेवढा मोठा प्रवाह जातो, आणि तार तापताच तो उतरतो. जुना, झिजलेला बल्ब बहुधा बटण दाबतानाच ‘फट्’ करून जातो, तो याच धक्क्याने.

हीटरच्या तारेचे तसे नाही. ती नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, असते आणि नायक्रोमचा रोध तापल्यावर थोडासाच वाढतो, म्हणून ती थंड असताना मोजली तरी उत्तर फारसे चुकत नाही. आपल्या वायरमनने तर चालू हीटरवर दाब आणि प्रवाह एकाच वेळी मोजले, आणि हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे. २०५ ला ३.९ ने भागा : रोध ५२.६ ओहम. आता १००० वॅटच्या हीटरचा २३० व्होल्टला अपेक्षित रोध काढा : ५२.९ ओहम. दोन्ही आकडे जुळतात, म्हणजे हीटर १००० वॅटचाच आहे. कमी पडला तो दाब. रोध तोच राहिला तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे दाब ११ टक्के उतरला की शक्ती २० टक्क्यांच्या आसपास घटते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी गल्लीतले सगळे हीटर एकदम चालू झाले की तारांवरचा भार वाढून दाब उतरतो, आणि खोली लवकर तापत नाही.

पंख्याला मात्र हा हिशेब लावू नये. मोटरमध्ये दाब आणि प्रवाह एका लयीत चालत नाहीत, म्हणून नुसत्या गुणाकाराने येणारी संख्या खऱ्या वॅटपेक्षा जास्त असते.

आपल्या पत्रातील शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिन सॉकेटमध्ये सैल बसली असेल किंवा तिच्यावर काजळी चढली असेल, तर त्या जोडावर नको असलेला रोध तयार होतो. तो एक ओहम आहे असे धरू. जूल यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढी शक्ती तेथे उष्णतेत जाते, म्हणजे ३.९ चा वर्ग गुणिले १ : सुमारे १५ वॅट. दाबात जेमतेम चार व्होल्टची घट, जी घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण १५ वॅट म्हणजे एका लहान सोल्डरिंग आयर्नची उष्णता, आणि ती वाटाण्याएवढ्या जागेत कोंडलेली. त्याच सॉकेटला उद्या २००० वॅटचा गीझर जोडला, तर प्रवाह ८.७ अँपिअर होईल आणि हीच उष्णता ७५ वॅटच्या घरात जाईल. प्लास्टिक पिवळे पडणे, जळका वास येणे, पिनेचे पितळ काळवंडणे ही याचीच लक्षणे आहेत. मेन स्विच बंद करून वायरमनकडून पिन आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्यावीत, कारण एकच बदलल्यास जुन्या सॉकेटची सैल पट्टी नवी पिनही जाळते. सॉकेट १६ अँपिअरचे घ्यावे, आणि ते बसेपर्यंत हीटर लावू नये.