टाळेबंदी, ताळेबंद आणि बर्फावरची हॉकी

टोरांटोत राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे. त्यांच्या वाचनात एक मराठी वाक्य आलं: 'खेळाडूंच्या संपामुळे 2004-05 चा एनएचएलचा अख्खा मोसम रद्द झाला.' (एनएचएल म्हणजे कॅनडा-अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची व्यावसायिक लीग.) ते म्हणतात, आमच्याकडे तर लहान पोरंही त्याला लॉकआउट म्हणतात. मराठीत त्याला संप म्हटलेलं चालेल का? टाळेबंदी म्हणावं तर ऐकणाऱ्याला कोरोना आठवतो. आणि लॉकआउटच ठेवायचं असेल, तर मराठीत लिहिण्यात काय अर्थ?

संप चालणार नाही, आणि हा निव्वळ कीस काढण्याचा प्रकार नाही.

माझे काका ठाण्याजवळच्या एका इंजिनियरिंग कंपनीत फिटर होते. मी शाळेत असताना एकदा ते सकाळच्या पाळीला गेले आणि तासाभरात न उघडलेला डबा घेऊन परत आले. गेटवर नोटीस चिकटवलेली, साखळीला नवंकोरं कुलूप, आत वॉचमन आणि बाहेर सगळी पाळी उभी. पुढचे कित्येक दिवस घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय, संप मिटला का?" काका दर वेळी तितकेच चिडायचे. "संप नाही हो, लॉकआउट! आम्ही रोज गेटवर जाऊन उभे राहतो." शेजारच्या आजींना हा फरक शेवटपर्यंत पटला नाही. काम बंद आहे ना, मग संपच तो. काकांना मात्र त्या एका शब्दात आरोप ऐकू यायचा: घरात पगार येत नाही, आणि तो तुम्हीच घालवलात.

कायदाही काकांच्याच बाजूने बोलतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन्हींच्या वेगवेगळ्या व्याख्या होत्या. कामगारांनी एकजुटीने काम थांबवलं तर संप. मालकाने कामाची जागा तात्पुरती बंद केली, काम थांबवलं किंवा माणसांना कामावर ठेवायला नकार दिला, तर लॉकआउट, म्हणजे टाळेबंदी. व्याख्येतला तो शेवटचा तुकडा महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष टाळं लागलंच पाहिजे असं नाही, नकार पुरतो.

आता हॉकीकडे. (आपल्या डोळ्यांसमोर हॉकी म्हटलं की ध्यानचंद येतात. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच.) एनएचएलमध्ये खेळाडूंनी संप केलेच नाहीत असं नाही. 1925 मध्ये हॅमिल्टन टायगर्स साखळीत पहिले आले, पण मोसमात सामने वाढवले होते, म्हणून खेळाडूंनी प्रत्येकी 200 डॉलर जादा मागितले आणि त्याशिवाय पुढे खेळायला नकार दिला. लीगने त्यांना निलंबित केलं, आणि पुढच्या मोसमात ते खेळाडू न्यूयॉर्कच्या नव्या संघाकडे गेलेले होते. हा चोख संप. 1 एप्रिल 1992 ला सगळ्या लीगच्या खेळाडूंनी काम थांबवलं, दहा दिवसांत तोडगा निघाला. तोही संप. त्याची तारीख पाहा. साखळीचे सामने संपत आले होते, म्हणजे खेळाडूंचे बहुतेक पगार हातात पडलेले. आणि मालकांच्या कमाईचे बाद फेरीचे सामने तोंडावर. ज्याला काम थांबवायचं असतं तो समोरच्याचं सगळ्यात जास्त कधी अडेल ते बघतो.

मालक त्यातून शिकले. त्यानंतरच्या तिन्ही मोठ्या भांडणांत, 1994, 2004 आणि 2012 मध्ये, टाळं त्यांनी लावलं, आणि तेही मोसमाच्या तोंडावर, खेळाडूंचे पगार सुरू होण्याआधी. 1994 आणि 2012 मध्ये जानेवारीत समेट झाला आणि प्रत्येक संघाचे 48 सामने तरी झाले. 2004 मध्ये तेवढंही नशिबी नव्हतं. 15 सप्टेंबरला करार संपला आणि त्याच रात्रीपासून टाळेबंदी. मालकांना प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या युनियनला ती मुळातच नको होती. फेब्रुवारीत युनियन मर्यादेला तयार झाली, पण आकड्यावर गाडी अडली: मालकांच्या बाजूने लीगचे कमिशनर गॅरी बेटमन 4 कोटी 25 लाख डॉलरवर, युनियनचे बॉब गुडनाऊ 4 कोटी 90 लाखांवर. 16 फेब्रुवारी 2005 ला मोसम रद्द झाला. 1230 सामने गेले. जुलैमध्ये टाळं निघालं तेव्हा मर्यादा ठरली 3 कोटी 90 लाख, म्हणजे मालकांनी फेब्रुवारीत देऊ केलेल्यापेक्षाही कमी. वर चालू करारांतल्या पगारांत 24 टक्के कपात. थोड्याच दिवसांत गुडनाऊंनी पद सोडलं.

या मर्यादेला इंग्रजीत 'सॅलरी कॅप' म्हणतात. भाषांतराच्या भरात कोणी 'पगाराला टोपी घातली' असं लिहिलं, तर खेळाडू म्हणतील, अगदी बरोबर लिहिलंत.

आता मूळ वाक्य पुन्हा वाचा: 'खेळाडूंच्या संपामुळे मोसम रद्द झाला.' 310 दिवस ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांच्यावरच मोसम बुडवल्याचं खापर. खेळाडूंची सरासरी कमाई तेव्हा वर्षाला 18 लाख डॉलरच्या घरात होती, त्यामुळे त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. पण श्रीमंत असले म्हणून जे त्यांनी केलं नाही ते त्यांच्या नावावर का लिहायचं? शिवाय हे लोक खेळायला तयारच होते. यारोमिर यागर आधी चेक प्रजासत्ताकात आणि मग रशियात खेळला, जो थॉर्नटन स्वित्झर्लंडला गेला. त्यांच्यासारखे शेकडो जण त्या हिवाळ्यात युरोपात बर्फावर होते.

मराठीत हा फरक क्रियापदंसुद्धा सांभाळतात. संप पुकारतात, संपावर जातात, संप चिघळतो, फोडला जातो, मिटतो, मागे घेतात. टाळेबंदी जाहीर करतात आणि उठवतात. टाळेबंदीवर कोणी 'जात' नाही. 1982 चा मुंबईतला गिरणी संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अडीच लाख कामगारांचा संप, आणि 'मागे घेतला' हे दोन शब्द त्याला कधी लागले नाहीत. लोअर परळकडचे जुने लोक आजही बोलताना 'संपाच्या आधी' आणि 'संपानंतर' अशीच कालगणना करतात.

संप या शब्दाची गंमत गुजरातीत कळते. तिथे संप म्हणजे एकोपा, सलोखा; 'संप त्यां जंप', जिथे एकी तिथे शांतता. मराठीत एकीतून कामबंदी आली, शांतता तिकडेच राहिली. हिंदीतल्या हडताळचं, म्हणजे आपल्या हरताळचं, मूळ 'हट्ट', दुकान, आणि 'ताल', टाळं, यांत सांगतात. म्हणजे तिथेही टाळंच आहे, पण ते दुकानदाराने निषेध म्हणून आपल्याच दुकानाला लावलेलं. (एखाद्याच्या कामावर 'हरताळ फासतात' तो हरताळ वेगळा. ते पिवळं खनिज, पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला वापरत.) तेव्हा टाळं दिसलं की पहिला प्रश्न हाच: किल्ली कोणाच्या खिशात?

टाळेबंदी हा शब्द या प्रश्नाला आपण होऊन उत्तर देत नाही, ही त्याची एक अडचण. 2020 ने दुसरी अडचण आणली. इंग्रजीत लॉकआउट आणि लॉकडाऊन हे दोन शब्द आहेत. एकात माणूस बाहेर, दुसऱ्यात आत. आपल्या वर्तमानपत्रांनी दोन्हींना टाळेबंदीच म्हटलं. संचारबंदी, जमावबंदी हाताशी असताना लॉकडाऊनला टाळेबंदी का म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही. बोलताना तर सगळे लॉकडाऊनच म्हणत होते. एनएचएलचा मोसम 12 मार्च 2020 ला कोरोनामुळेही थांबला होता, त्यामुळे 'टाळेबंदीमुळे सामने बंद' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याने वर्ष शोधत बसायचं.

तिसरी अडचण शुद्धलेखनाची. टाळेबंदी आणि ताळेबंद. छापील मजकुरात या दोघांची अदलाबदल मी इतक्यांदा पाहिली आहे की आता हसू येतं. ताळेबंद म्हणजे जमाखर्चाचा मेळ, बॅलन्स शीट. ताळा करून पाहतो त्यातला ताळा. त्याचा टाळ्याशी काही संबंध नाही. पण या हॉकीच्या भांडणात दोन्ही एका वाक्यात बसतात. टाळेबंदीच्या काही महिने आधी एनएचएलने आर्थर लेव्हिट यांच्याकडून संघांचे हिशेब तपासून घेतले होते. ते अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचे माजी अध्यक्ष. त्यांचा अहवाल म्हणाला, 2002-03 मध्ये संघांना मिळून 27 कोटी 30 लाख डॉलरचा तोटा झाला आणि उत्पन्नातले 75 टक्के खेळाडूंवर गेले. युनियनने ते आकडे मानले नाहीत. म्हणजे आधी ताळेबंदावरून वाद, मग टाळेबंदी. हे वाक्य मुद्रितशोधकाने न बिघडवता छापून दाखवावं.

तर त्या वाचकाला माझं सांगणं असं. टाळेबंदी लिहा, पण तिचा कर्ता सोडू नका: 'संघमालकांनी टाळेबंदी केल्यामुळे 2004-05 चा मोसम रद्द झाला.' 'मालकांनी' म्हटलं की कोरोना आपोआप गळतो. बोलताना लॉकआउट म्हणा, खुशाल. काकांनी आयुष्यभर तोच शब्द वापरला, आणि त्यांच्या मराठीला कोणी नावं ठेवली नाहीत.

राहता राहिली वाचकाची ताजा कलम म्हणून आलेली शंका. एनएचएलच्या विजेत्यांना मिळणाऱ्या स्टॅन्ले कपवर दरवर्षी त्यांची नावं कोरतात. त्या वर्षी कोरायला नावंच नव्हती, म्हणून '2004-05 सीझन नॉट प्लेड' असं कोरलं आहे. त्याचं मराठी कसं करावं? 'मोसम खेळला गेला नाही' हे शब्दाला धरून आहे, पण कानाला रुचत नाही. मी 'मोसम झाला नाही' असं करीन. इथे मात्र कर्ता घालायचा नाही, कारण कोरणाऱ्यांनीही तो घातलेला नाही.