बिल निघू दे, गुरुजी!

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले मुख्याध्यापक आहेत.)

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. दोन वर्गांचे पत्रे बदलायचे आहेत, अंदाज २ लाख ४० हजारांचा. गेल्या जूनमध्ये शैक्षणिक उठावाची (शाळेसाठी गावातून पैसे जमवण्याची) हाक दिली, ३१ हजार जमले. गणपतीत पुन्हा फिरलो, तेव्हा ९ हजार. आता एक सहकारी म्हणतात दिवाळीत मागू, व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणतात १५ ऑगस्टला. वर्षातला कोणता काळ धरावा? – एक मुख्याध्यापिका

उत्तर : बाई, दोन्ही वेळा तुम्ही गावाचा खिसा रिकामा असताना हात पुढे केलात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं म्हणून उठावही जूनला, हा आपला मास्तरांचा हिशेब. मीही कित्येक वर्षं तोच केला. त्या महिन्यात घरात काय चाललेलं असतं? सोयाबीनचं बी, खताची पोती, पोरांची दप्तरं, वह्या, गणवेश, छत्र्या. त्यात आपण पावतीपुस्तक घेऊन दारात.

गणपतीचं तर विचारू नका. एका वर्षी मी भाद्रपदात फिरलो. गल्लीतल्या दोन मंडळांची पोरं माझ्या आधी येऊन गेली होती. एका म्हातारीनं मला बसवलं, चहा दिला, आत गेली आणि बऱ्याच वेळानं एक्कावन्न रुपये घेऊन आली. मी खुशीत पावती फाडली. दुसऱ्या दिवशी तिचा नातू वर्गात सहज बोलून गेला, “आजीनं तुमच्यासाठी शेजारच्या काकीकडनं पैसे आणले.” ती पावती अजून डोळ्यांपुढे आहे. त्यानंतर गणपती-नवरात्रात मी पावतीपुस्तक कपाटाबाहेर काढलं नाही.

१५ ऑगस्टचं म्हणाल, तर तुम्ही कृष्णाकाठच्या. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर तुमच्या गावाला मी काय सांगावा! जुलै-ऑगस्टात नदीकाठचा माणूस पाण्याच्या पातळीकडे बघत असतो. त्या दिवशी झेंडावंदन करा, पेढे वाटा, पैशाचं नाव काढू नका.

दिवाळीबद्दल मात्र तुमच्या सहकाऱ्यांची फसगत होणं साहजिक आहे. साखर कारखाना मागच्या हंगामाच्या उसाचा राहिलेला हप्ता दिवाळीच्या तोंडाला देतो, सभासदांची साखरही मिळते, त्यामुळे गावात पैसा खेळताना दिसतो. पण तो हप्ता यायच्या आधीच कापडदुकानात आणि किराण्यात वाटला गेलेला असतो. आणि तुमच्या भागात कुणाची द्राक्षबाग असेल, तर त्याच्याकडे त्या दिवसांत फिरकूही नका. ऑक्टोबरची छाटणी होऊन फुटवे निघालेले, औषधांची उधारी चढलेली, आभाळ आलं की हा रात्री फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत. त्याचे पैसे माल निघाल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास. बेदाणा केला तर तो शीतगृहात ठेवून भाव बघून सौद्याला काढतो, त्याचं वेळापत्रक आणखी वेगळं. हळदवाल्यांचं तसंच. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, मग सांगलीच्या मार्केट यार्डात सौदा आणि अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे. ती हातात पडेपर्यंत फाल्गुन उजाडतो.

तुमचं गाव मुख्यतः उसाचं, म्हणून उसाचंच धरून सांगतो. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे (सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचे) पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात कुठे वेळेवर मिळतात, कुठे महिना-दीड महिना जातो. शिवाय हे उसाचं बिल थेट खिशात येत नाही. आधी त्यातून गावच्या सोसायटीचं शेतीकर्ज वळतं होतं, उरलेलं हाती लागतं. मी दारात गेलो की ठरलेलं उत्तर असायचं, “बिल निघू दे, गुरुजी!” सुरुवातीला मला ती टाळाटाळ वाटायची. नंतर लक्षात आलं की माणूस तारीख सांगतोय, ती लिहून घेणं माझं काम आहे.

मग मी काय करायचो ते सांगतो. वर्गातली पोरं सगळं सांगतात. “गुरुजी, आज आमच्या उसाला तोडणीची टोळी आलीया,” असं म्हणून पोरगं दुपारनंतर वाढं (जनावरांना घालायचे उसाचे हिरवे शेंडे) आणायला पळतं. मी हजेरीपटाच्या समासात त्याच्या नावापुढे शिसपेन्सिलीनं बारीक ‘ऊ’ काढून तारीख टाकायचो. महिना-दीड महिन्यानं संध्याकाळी त्या घरी चक्कर. पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा पोराच्या बापानं आश्चर्यानं विचारलं, “तुम्हाला कसं कळलं बिल निघालं?” मी म्हटलं, हजेरीपट.

तेव्हा तुमच्यासाठी काळ असा: हाक २६ जानेवारीला द्या आणि वसुली फेब्रुवारीअखेर संपवा. त्याच्या पुढे जाऊ नका. मार्चअखेर सोसायटीची वसुली आणि पाठोपाठ लग्नांचे अहेर-मानपान. त्यात शाळा कुठेच बसत नाही. २६ जानेवारीला आईबाप आपणहून पोरांची कवायत बघायला आलेले असतात, हवा गार असते, कुणाला घाई नसते. भाषण करू नका. वर्गावरचा एक गंजलेला पत्रा आदल्या दिवशी उतरवून झेंड्याच्या कट्ट्याला टेकवून ठेवा. उन्हाकडे धरला की भोकांतून ठिपके खाली पडतात, ते पोरांनाच दाखवू दे. आम्ही हे केलं होतं. एक गृहस्थ पत्र्याला बोट लावून बघत उभे राहिले, बोट आरपार गेलं. ते पुढे काही न बोलता पहिली पावती फाडून घेऊन गेले.

माईकवरून आकडे मात्र जाहीर करून घेऊ नका. मी एकदा घेतले, टाळ्या वाजल्या, फळ्यावर नावं लागली आणि निम्मे आकडे फळ्यावरच राहिले. त्या लोकांची पोरं आमच्याच वर्गात, रोज तो फळा बघत. त्यापेक्षा चिठ्ठी द्या: नाव, रक्कम, कधी देणार. ‘कधी’च्या रकान्यात ‘बिल निघाल्यावर’ लिहिलेलं चालेल.

शेतमजुरांच्या घरी यातलं काहीच लागू नाही. त्यांना हंगामी बिल नसतं, आठवड्याचा पगार असतो. त्यांच्याकडून एक दिवसाचं काम मागा, तेही मे महिन्यात पत्रे चढवायच्या वेळी, आणि पावतीपुस्तकात त्या दिवसाच्या मजुरीची नोंद करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी मुष्टिफंड उभा केला तो मूठमूठ धान्याचा होता. रोकड नसलेल्या घरालाही मूठ काढता येत होती.

आणखी एक. पोरांचा बालबाजार भरवत असाल तर तो संक्रांतीच्या आधी, भोगीच्या आदल्या दिवशी भरवा. घेवडा, पावटा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे डहाळे, तीळ प्रत्येक घराला त्या दिवशी हवेच असतात आणि रानातही ते असतात. आमच्या बाजारात एका तिसरीतल्या मुलीनं पावट्याचा वाटा दहाला लावला, आपल्याच मामाला आठला दिला नाही. यातून दोन-तीन हजार सुटतील. ते पत्र्याच्या हिशेबात धरू नका, पोरांच्या सहलीला ठेवा.

प्रश्न : आमचं गाव माण तालुक्यात. इथे ऊस नाही, निम्मं गाव बाहेर. कोणी मुंबईत माथाडी, कोणी परराज्यात गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात. यांना कधी गाठायचं? – माजी विद्यार्थी

उत्तर : यात्रेला. माण-खटाव, खानापूर-आटपाडीकडचा माणूस दक्षिणेत सोनं गाळत असो की वाशीच्या मार्केटात पोती उचलत असो, दिवाळी चुकवेल पण गावची यात्रा चुकवणार नाही. फक्त दिवस जपून निवडा. शिखर शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाट चढतात ती चैत्र शुद्ध द्वादशी. तुमच्या गावची कावड जात असेल तर त्या दिवशी गावात कोणी सापडणार नाही. गावच्या यात्रेत पालखीचा दिवस देवाचा, दुसरा बोकडाचा. बोकडाच्या जेवणानंतर माणूस उदार होतो खरा, पण लगेच झोपतोही. कुस्त्यांच्या दिवशी सकाळी आठ वाजता, मैदान भरायच्या आधी, शाळेच्या पटांगणात चहा ठेवा आणि जुने हजेरीपट टेबलावर मांडा. मोठमोठी माणसं आपलं नाव शोधत वाकतात.

दोन गोष्टी आधी करा. यात्रेच्या महिनाभर अगोदर मुंबईतल्या गावच्या मंडळाला रक्कम आणि काम कळवा. घरच्यांसमोर अचानक मागितलं की माणूस कमी तरी देतो किंवा परवडत नसताना जास्त देतो, दोन्ही वाईट. आणि मागच्या वर्षीच्या पैशाचं काय केलं तो कागद भिंतीवर लावा. देणगी संस्थेमार्फत घेत असाल आणि कोणाला प्राप्तिकराची सवलत हवी असेल, तर २ हजारांवरची रक्कम रोखीनं चालत नाही, ती बँकेतूनच घ्या.

प्रश्न : साताऱ्यातल्या एका खासगी शाळेत मुलीच्या प्रवेशावेळी जूनमध्ये ‘ऐच्छिक देणगी’ मागितली. दिली नाही तर प्रवेश थांबेल असं सुचवलं. हा निधी गोळा करण्याचा काळ योग्य आहे का? – एक पालक

उत्तर : त्याला देणगी म्हणत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं प्रवेशासाठी ठरलेल्या फीबाहेरचे पैसे घ्यायला मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत आहे. महाराष्ट्राचा कॅपिटेशन फीविरोधी कायदा तर १९८७ पासूनचा. शाळेला लेखी अर्ज द्या: ‘आपण सांगितलेली रक्कम कोणत्या कामासाठी, याची पावती कोणत्या नावानं मिळेल ते कळवावे.’ पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. आणि खरंच शाळेला काही द्यावंसं वाटलं, तर मुलीचा प्रवेश होऊन तिची पहिली चाचणी झाल्यावर द्या.